आठ बिऱ्हाडं आणि एक शायर

आधी मोबाइल घरी ठेवा. बूटही नकोत, चपला चालतील. खिशात थोडे आणे असू द्या, नवे पैसे यायला अजून अवकाश आहे. आणि हे टमरेल धरा. तोंड वाकडं करू नका. 1955 च्या आसपासचं साल आहे, पहाटेचे साडेपाच वाजलेत आणि तुम्ही मुंबईत, खेतवाडीतल्या रेड फ्लॅग हॉलमध्ये उभे आहात. इथे आठ खोल्यांत आठ बिऱ्हाडं राहतात. संडास एक, मोरी एक. तुमचा नंबर सहावा.

उर्दू शायराला भेटायला निघालात तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला ठाऊक आहे. मेणबत्ती, गुलाबपाणी, तक्क्याला टेकलेला उदास माणूस, हातात प्याला, खिडकीत चंद्र. सिनेमाने आपल्याला हेच शिकवलंय. इथे खिडकीत कोणाच्या तरी पोरांच्या चड्ड्या आणि दोन परकर वाळताहेत, चंद्र असलाच तर त्यांच्या पलीकडे. नाकात फिनेल, ओल्या भिंतीचा कुबट वास आणि आता रॉकेलचा भपका, कारण कोणीतरी पहिला स्टोव्ह पेटवलाय. पंप मारल्याचा आवाज, मग फुरफुर, मग एक सणसणीत शिवी. पिन सापडत नाहीये.

तुमच्या मागे एक माणूस येऊन उभा राहतो. पांढरा कुडता-पायजमा, मागे वळवलेले लांब केस, डोळ्यांत झोप. हेच कैफी आझमी. सलाम करायचा असेल तर करा, पण टमरेल आधी डाव्या हातात घ्या. आणि आदराने बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ देऊ नका, ते संकोचतील. इथे शायराला सवलत नाही. रांगेत पुढे उभे आहेत ते कुठल्या ना कुठल्या युनियनचे, मोर्चांचे, छापखान्यांचे लोक. सगळे कम्युनिस्ट पक्षाचे. मराठी, गुजराती, हिंदी आणि उर्दू अशी चार भाषांतली कुजबुज चालू आहे आणि विषय एकच: आत गेलेला अजून बाहेर का येत नाही.

नळ जायच्या आत पिंप भरायचंय, त्यामुळे उजाडता उजाडता या घराला एकदम कंठ फुटतो. बादल्यांचा खणखणाट, पोरांची रडारड, चार स्टोव्ह, दोन रेडिओ. कैफीसाहेबांच्या बिऱ्हाडात शिरा. चपला दाराबाहेर काढा आणि डोकं सांभाळा. एकच खोली. तिच्यातच झोपायचं, जेवायचं, पाहुणे बसवायचे, पोरं वाढवायची आणि शायरी करायची. स्वयंपाकघर म्हणजे आडोसा केलेली बाल्कनी. तिथे स्टोव्हसमोर त्यांची बायको, शौकतआपा, बसल्यात. हैदराबादकडच्या, त्यामुळे चिंचेच्या खट्ट्या डाळीला कढीपत्त्याची फोडणी पडली की शेजारच्या गुजराती बिऱ्हाडाच्या गोडसर आमटीशी तिची हवेतच गाठ पडते. पलीकडून कोणीतरी सुके बोंबील भाजायला घेतलेत. या तीन वासांत बसून तुम्ही चहा पिणार आहात. कपाचा कान तुटलेला असेल तर फुंकर घालून बशीतून प्या.

शौकतआपांच्या ओठांची सारखी हालचाल चालली आहे. जप नाही करत त्या, संवाद पाठ करताहेत. पृथ्वी थिएटरात काम करतात. ऑपेरा हाउस इथून चालत जाण्याएवढं, तिथे पृथ्वीराज कपूर यांचे प्रयोग होतात आणि खेळ संपला की तो एवढा धिप्पाड नट दारात झोळी पसरून उभा राहतो. त्या झोळीत पैसे टाकताना लोकांची मान खाली जाते, त्यांची नाही. दौरा निघाला की शौकतआपा पोरीला बरोबर घेऊन जातात. घरात पैसा लागतो. पक्षाचा पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून नवऱ्याला मिळत आलेत महिन्याला 40 रुपये. लग्न करून त्या मुंबईत आल्या तेव्हा पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनीच त्यांना सांगितलं होतं की कम्युनिस्टाच्या बायकोने रिकामं बसून भागायचं नाही. नव्या नवरीला आशीर्वाद म्हणून हे जरा रोखठोकच, पण त्यांनी ते मनावर घेतलं.

चहा होईपर्यंत त्यांना लग्नाची गोष्ट विचारा. ती सांगताना त्या आधी हसतात. 1947 साल, हैदराबादचा मुशायरा. कैफींनी नज्म वाचली आणि पोरींनी त्यांना सह्यांसाठी गराडा घातला. शौकत मुद्दाम दुसरे शायर सरदार जाफरी यांच्याकडे गेली, वही त्यांच्यापुढे धरली आणि मग काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने कैफींकडे आली. कैफींनी वहीत एक अगदी टुकार शेर खरडून दिला. जिन्यावर तिने जाब विचारला, असला शेर का? उत्तर आलं, तू आधी जाफरींकडे का गेलीस? प्रेमाची सुरुवात ही अशी, भांडणातून. पुढे पत्रं सुरू झाली. एक पत्र तर कैफींनी स्वतःच्या रक्ताने लिहिलं. ते पाहून शौकतचे वडील म्हणाले की या शायर लोकांचं काय सांगावं, बकऱ्याचं रक्त असेल! पण माणूस मोठा न्यायी. पोरीला घेऊन मुंबईला आले आणि म्हणाले, हा कसा राहतो ते डोळ्यांनी बघ, मग ठरव. अंधेरीच्या कम्यूनमधली खोली तिने पाहिली. ढिल्या दोऱ्यांची खाट, पुस्तकं आणि वर्तमानपत्रांचे ढीग, एक पत्र्याचा मग. पोरीने ठरवलं. वाळकेश्वरला लेखक सज्जाद झहीर यांच्या घरी निकाह लागला.

खोलीत एक पाच वर्षांची चुणचुणीत मुलगी तुमच्याकडे टक लावून बघतेय. तिला मुन्नी म्हणा. शबाना हे नाव तिला पुढे सरदार जाफरी देतील, आत्ता ती मुन्नीच आहे. तिच्या काखेत एक काळी बाहुली आहे. ती तिला फारशी आवडत नाही. तिला हवी होती सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची. अब्बांनी ही आणून दिली आणि वर सांगितलं की काळा रंगही सुंदर असतो. पाच वर्षांच्या पोरीला हे कसं पटावं? तिची दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. बाकीच्यांचे बाबा पँट-शर्ट घालून ऑफिसला जातात. तिचे अब्बा दिवसभर कुडता-पायजम्यात, आणि ऑफिस म्हणावं असं कुठे जातच नाहीत. मैत्रिणींना काय सांगायचं? ती आपली सांगते, बिझनेस करतात.

चला, बिझनेसच्या ठिकाणी जाऊ.

कैफीसाहेब निघालेत मदनपुऱ्याला. तुम्ही मागे मागे चला, अंतर ठेवून, कारण वाटेत त्यांना दर दहा पावलांवर कोणीतरी थांबवणार आहे. खेतवाडीतून फॉकलंड रोडला लागा. पिला हाउसच्या थिएटरांवर रंगवलेली पोस्टरं, त्यांच्याखाली अजून झोपलेले लोक. मालिशवाल्याच्या बाटल्यांची किणकिण, भज्यांचं कालचं तेल, मोगऱ्याचे कोमेजलेले गजरे. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत सकाळी सगळं कसं मुकाट असतं, फक्त नळावर बायका केस धुताहेत. पुढे नागपाडा. इथे हवा बदलते. इराण्याच्या हॉटेलातून खिमा-पावाचा वास, तंदूरच्या तोंडाशी घामाने निथळणारा माणूस, ट्रामची घंटा, हातगाडीवाल्याची आरोळी. उन्हाची तिरीप आता मानेवर बसायला लागलीय. रुमाल भिजवून गळ्याला गुंडाळा.

मदनपुरा दिसायच्या आधी ऐकू येतो. खट्खटाखट्, खट्खटाखट्. आधी वाटतं, कुठेतरी मशीन चालू आहे. मग कळतं की प्रत्येक दारात चालू आहे. गल्लीतली फरशी पायाखाली थरथरतेय. तळमजल्याच्या एका कारखान्यात शिरा. शिराल आणि बाहेर पळावंसं वाटेल, पण थांबा. खिडक्या बंद आहेत. मालक दुष्ट आहे म्हणून नव्हे (तो असेलही), तर कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून. दमट, गरम हवा, तिच्यात कापसाची तुसं तरंगताहेत. तुमच्या पापण्यांवर, मिशांवर, घशात. सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास आणि माग चालवायच्या तेलाचा जळका वास. तुम्ही काहीतरी बोलता आणि तुमचं तुम्हालाच ऐकू येत नाही.

समोरच्या विणकराकडे बघा. धोट्यातली कांडी संपली. त्याने नवी भरली, धोट्याच्या भोकाला तोंड लावलं आणि श्वास आत ओढला. सूत बाहेर आलं. धागा ओवायची ही सगळ्यात झटपट रीत. सुताबरोबर तुसंही आत जातात. दिवसातून किती वेळा हे चालतं ते मोजायला जाऊ नका, तुम्हालाच खोकला येईल. याच धोट्याच्या उष्ट्यापायी मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्यांना साचेखात्याचं दार बंद होतं, आणि साचेखात्यातच पगार बरा होता. एवढासा लाकडाचा तुकडा, पण त्याने केवढी माणसं बाहेर ठेवली.

मदनपुऱ्यातले कितीतरी विणकर उत्तरेकडून आलेले, आझमगड-मऊच्या बाजूचे. कैफीसाहेबांचं गाव मिजवाँ, तेही आझमगड जिल्ह्यातच. पण ते जमीनदाराच्या घरातले, सय्यद अतहर हुसेन रिझवी. गावी राहिले असते तर या लोकांना त्यांच्यासमोर उभं राहूनच बोलावं लागलं असतं. इथे ते दोन मागांच्या मधल्या बोळकांडीत फतकल मारून बसलेत आणि एक म्हातारा विणकर त्यांच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगतोय. मजुरीचं असेल, कोणाला तरी कामावरून काढल्याचं असेल. शब्द तुम्हाला कळणार नाहीत. कैफीसाहेब मात्र मान हलवताहेत. मुंबईत ते 1943 मध्ये आले, पक्षाच्या उर्दू साप्ताहिकात लिहायला. तेव्हापासून त्यांची अर्धी विद्या या असल्या बोळकांडीतली. लखनौच्या मदरशात त्यांना घरच्यांनी मौलवी व्हायला पाठवलं होतं. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांचा संप केला.

आता पाच मिनिटं कातिबाकडे चला, नाहीतर उर्दू छापली कशी जाते ते कळायचं नाही. एक अंधारी खोली, जमिनीवर चटई, भिंतीला टेकून एक माणूस बसलाय. एक गुडघा उभा, त्यावर पाटी, पाटीवर पिवळा, खळ लावून गुळगुळीत केलेला कागद. हातात बोरूची लेखणी. वर्तमानपत्राचं अख्खं पान तो हाताने लिहून काढतोय. बातमी, जाहिरात, गझल, सगळं. या पिवळ्या कागदावरचा मजकूर मग छापायच्या दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवतात. चूक झाली तर खरवडायची. खोलीत शाईचा आणि पानातल्या चुन्याचा वास. पंखा नाही, कागद उडतात. शायर कितीही मोठा असो, कातिबाने एक नुक्ता खाल्ला की शेराचं भजं झालंच. म्हणून शायर लोक कातिबाशी बायकोपेक्षा नमतं घेऊन बोलतात. आपल्याकडे खिळे जुळवणारे लोक कधीचे आलेत, पण उर्दूची ती उतरती, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालणारी अक्षरं शिशाच्या खिळ्यांत बसायला तयार नाहीत. हे असं अजून पंचवीस वर्षं चालणार आहे.

दुपारी परत खोलीवर. आता तुम्हाला वाटतं की दार लावून, पडदे ओढून, सगळ्यांना गप्प बसवून लिखाण होणार. तसं काही होत नाही. दार सताड उघडं आहे. पोरं पलंगावरून उड्या मारताहेत, रेडिओ सुरू आहे, शेजारीण साखर मागायला आलीय आणि साखर मिळाल्यावरही गेलेली नाही. टेबलाशी बसून कैफीसाहेब लिहिताहेत. खरं तर अजून लिहीत नाहीयेत. फाउंटन पेन उघडून धुताहेत. मग खण आवरतील. मग कोणाचं तरी जुनं पत्र सापडेल, त्याला उत्तर देतील. उद्या द्यायची गोष्ट आज रात्रीपर्यंत लांबवायची, ही सगळ्या लेखकांची जात इथेही भेटते म्हणून बरं वाटतं. पुढे चार पैसे आल्यावर त्यांना माँ ब्लाँ पेनांचं वेड लागणार आहे. दुरुस्तीला ती पेनं थेट न्यूयॉर्कला पाठवतील. कुडता मात्र तोच.

पण गप्प बसा असं ते पोरांना सांगत नाहीत. मला यात त्यांचा चांगुलपणा कमी आणि सवय जास्त दिसते. मागांच्या खटखटाटात ज्याने ऐकायला शिकून घेतलं, त्याला दोन पोरांचा काय त्रास?

टेबलावर सिनेमाचंही काम आहे. घरात पोर येणार, पैसे नाहीत, अशा दिवसांत त्यांनी पहिल्यांदा सिनेमासाठी गाणी लिहिली. या धंद्यात चाल आधी तयार असते, शब्द मागून येतात. यावर त्यांचा एक विनोद लोक अजून सांगतात की हे म्हणजे आधी कबर खणायची आणि मग तिच्या मापाचं मढं शोधायचं. आत्ता त्यांची गाणी असलेले चित्रपट चालत नाहीत आणि निर्माते त्यांना पनवती समजतात. 'कागज के फूल'ही पडणार आहे, 1959 मध्ये. त्याची गाणी तुमच्या आजीला पाठ असतील हे आत्ता त्यांना सांगून उपयोग नाही. विश्वास ठेवणार नाहीत. आणि 'हीर रांझा'चं तर नावच काढू नका. अख्ख्या सिनेमाचे संवाद पद्यात लिहायचे आहेत हे ऐकून ते पुन्हा पेन धुवायला घेतील.

संध्याकाळी अंघोळ करून घ्या. मोरी रिकामी नसेल तर नुसते हातपाय-तोंड धुवा. रात्री मुशायरा आहे.

मुशायरा नऊचा, म्हणजे साडेदहाला सुरू होईल. मदनपुऱ्यातल्याच एका मोकळ्या जागेत लाकडी फळ्यांचं स्टेज, त्यावर पांढरी चादर, गाद्या, तक्के, पिकदाण्या. दोन बांबूंवर कर्णे, त्यांतून मधूनच कानठळ्या बसवणारी शिट्टी. पाळी सुटलेले लोक थेट आलेत, केसांत अजून कापूस. वरच्या गच्च्यांवर बायका. अत्तर, विडी, घाम, गटार, खस, कोणाच्या तरी फुटलेल्या अंड्याच्या आमलेटाची पुडी. तुम्ही सतरंजीवर मांडी ठोकून बसलात की शेजाऱ्याचा गुडघा तुमच्या मांडीवर येणार, ते गृहीत धरा. तो तुम्हाला पानही देईल. घ्या.

नियम समजून घ्या, नाहीतर फजिती होईल. टाळ्या वाजवू नका. टाळी म्हणजे खाली बसा असं शायराला सांगण्यातलाच प्रकार. आवडलं तर वाहवा करा, हात उंच उडवा, मान डोलवा, शेजाऱ्याकडे असं बघा की जणू तो शेर तुम्हीच लिहिलाय. पुन्हा ऐकायचा असेल तर ओरडा, मुकर्रर! शायर पहिली ओळ दोनदा म्हणेल, कधी तीनदा, आणि दुसरी राखून ठेवेल. गर्दी पुढचा शब्द ओळखायला बघते. ओळखला तर सगळे एकदम ओरडतात आणि ओळखता नाही आला तर आणखी जोरात ओरडतात. आधी नवशिके, शेवटी बुजुर्ग. नवशिक्याचा शेर मात्रेत लंगडला तर मागच्या रांगेतला कोणी खांडकी विकणारा त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करून देईल. इथल्या माणसाला सही करता येत नसेल, पण वजन चुकलेलं कानाला लगेच टोचतं.

शेजाऱ्याला कैफींबद्दल विचारा, तो त्यांच्या पहिल्या मुशायऱ्याची गोष्ट सांगेल. अकरा वर्षांचं पोर, एका मुशायऱ्यात गझल वाचून बसलं. सगळे म्हणाले, थोरल्या भावाची असणार. मग परीक्षा झाली. एक ओळ देऊन, तिच्याच वृत्तात आणि यमकात गझल लिहून आण असं सांगितलं. पोराने लिहून आणली. ती गझल पुढे बेगम अख्तर गायल्या. मौलवी करायला पाठवलेल्या पोराचं पाणी त्या दिवशी कोणी नीट ओळखलं असतं तर लखनौचा संप टळला असता.

काही शायर तरन्नुममध्ये वाचतात, म्हणजे जवळजवळ गातात. मजरूह सुलतानपुरी तसे वाचतात, ऐकत राहावं असा गळा. कैफी गात नाहीत. नाव पुकारलं जातं, ते उठतात, माइकशी येतात आणि क्षणभर काहीच करत नाहीत. मग तो आवाज येतो. खर्जातला, सावकाश. एकेक शब्द सुटा. हात वर जातो आणि वाक्याच्या शेवटीच खाली येतो. ही 'औरत' आहे, ज्यात प्रेयसीला ते माझ्यासाठी सज म्हणत नाहीत, माझ्या बरोबर चालायला ऊठ म्हणतात. शौकतने हैदराबादला ऐकली ती हीच. गच्चीवरून बांगड्यांचा आवाज येतो, मग एकाच वेळी दहा गच्च्यांवरून. खालचे पुरुष वर बघतात आणि पटकन नजर खाली घेतात.

शाहिरी ऐकून वाढलेला मराठी कान असेल तर तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. याच मुंबईत, याच पक्षाच्या लाल बावटा कलापथकातून अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे गिरणगावातली मैदानं हलवत आलेत. त्यांच्यापाशी डफ आहे, तुणतुणं आहे, मागे झील ओढणारे आहेत. कैफींपाशी यातलं काही नाही, आणि तरी मागची रांग हलत नाही.

माझा एक तर्क आहे. दिवसभर मागावर उभं राहणाऱ्या माणसाला कमी ऐकू येतं. कारखान्यात ते एकमेकांचे ओठ वाचून बोलतात, तुम्ही दुपारी पाहिलंत. अशा माणसांना शेर ऐकवायचा तर तो घोळवून, कुजबुजत सांगून चालत नाही. शब्द वेगळे टाकावे लागतात, ओठ दिसावे लागतात, हाक पुन्हा पुन्हा मारावी लागते. कैफींच्या नज्मांत आज्ञार्थी क्रियापदं एवढी का, धृपद एवढं का परतून येतं, असं उर्दूचे काही पंडित नाक मुरडून विचारतात. त्यांना इथे आणून, तिसऱ्या पाळीच्या विणकरांमध्ये बसवायला हवं. 'मकान' ऐकताना तर तुमच्या डाव्या हाताला बसलेला माणूस स्टेजकडे बघतच नाही. तो गवंडीकाम करतो. इमारती बांधणारे मजूर बांधून झाल्यावर फुटपाथवर झोपतात, हे त्याला शायराकडून कळायचं राहिलेलं नाही. तो ऐकतोय ते आपलं काम एवढ्या मोठ्या आवाजात, भर मैदानात बोललं जातंय म्हणून. शेवटच्या ओळीला तो एकटाच काही म्हणत नाही. खिशातून विडी काढतो आणि काडी दोनदा विझते.

मुशायरा संपतो तेव्हा दूधवाले निघालेत. तुमची पाठ मोडलीय, डोळे चुरचुरताहेत, कुडत्यावर पानाचा डाग आहे. घरी जायची घाई करू नका, कारण एक गोष्ट राहिली. मुन्नीच्या शाळेची.

तिला घालायचं आहे क्वीन मेरीत, आणि तिथला दंडक असा की आई-बाप दोघांनाही इंग्रजी आलं पाहिजे. अब्बांना येत नाही, मम्मीला येत नाही. रेड फ्लॅग हॉलच्या हिशोबाने ही अडचणच नव्हे. ज्या घरात संडास आठ बिऱ्हाडांत वाटून घेतात, तिथे आई-बाप वाटून घ्यायला कितीसा वेळ? सरदार जाफरींच्या पत्नी सुलताना आई झाल्या, कैफींचे दोस्त मुनीश नारायण सक्सेना वडील झाले, फर्ड्या इंग्रजीत मुलाखत पार पडली आणि पोरीला प्रवेश मिळाला. पुढेही शाळेत गरज पडेल तेव्हा हेच वडील हजर. बरीच वर्षं निभावलं. मग एकदा उपमुख्याध्यापिका बाई मुशायऱ्याला गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. काल रात्री तुझे वडील ऐकले, पण सकाळी पालकसभेला आलेले गृहस्थ काही तसे दिसत नव्हते, असं कसं? पोरगी निळी-काळी पडली. पण शायराची लेक आणि नटीचीही. म्हणाली, बाई, मधे त्यांना टायफॉइड झाला होता ना, त्यात फार उतरले.